चौदा जोडांचा निकाल

पलासिया, इंदूर
१० नोव्हेंबर २०२४

संबोधी यांस,
सप्रेम जयभीम.

"मी फोनवर गप्पा मारत नाही, काही विचारायचं असेल तर लिहा," असं तुम्ही म्हणालात, म्हणून ही मेल. दोन्ही घरच्यांनी ठरवून दिलेल्या दोन भेटी झाल्या. पहिलीत तुमचे बाबा बोलले, दुसरीत वेटर. वर्ष संपायच्या आत होय की नाही ते सांगायचं आहे, आणि मला तुमच्याबद्दल एवढंच कळलं आहे की तुम्ही पोलोग्राउंडला बुटांच्या कारखान्यात आहात आणि कॉफीत साखर घेत नाही.

तुम्हाला मात्र माझ्याबद्दल बरंच काही कळलेलं दिसतं. दोन्ही वेळा तुम्ही टेबलाखाली पाहत होतात. परवा मी पाय खुर्चीखाली ओढले, तर तुम्ही मान वाकवलीत. अमरावतीहून इंदूरला येऊन मला चार वर्षं झाली, कोचिंग क्लासमध्ये रोज दोनशे मुलांसमोर उभा राहतो, पण इतकं अवघडल्यासारखं कधी झालं नव्हतं.

तर सरळ विचारतो. काय चुकलं? माझ्याकडे बुटांचे चौदा जोड आहेत. घर एका खोलीचं आहे. कमी जोडांत सगळं भागवायचं असेल तर काय ठेवावं आणि काय काढावं, हे तुमच्याइतकं दुसरं कोण सांगणार?

आपला,
पंचशील

•

महू
१२ नोव्हेंबर

पंचशीलजी,
जयभीम.

मी टेबलाखाली पाहत नव्हते. बुटांकडे पाहत होते. ते टेबलाखाली होते.

पहिल्या भेटीत तुम्ही टॅन रंगाचे टोकदार बूट घातले होते. बूट जिथे वाकतो तिथे घडी पडते. ती बुटाच्या सगळ्यात रुंद भागावर पडायला हवी. तुमची त्याच्या मागे होती, म्हणजे बूट लांब आहे. तुमचा पाय आठ नंबरचा आणि रुंद आहे, तुम्ही नऊ किंवा साडेनऊ घेता. रुंदी मिळावी म्हणून लांबी विकत घेता. बहुतेक पुरुष हेच करतात आणि त्याला आपला नंबर म्हणतात.

दुसऱ्या भेटीत काळं, आरशासारखं पेटंट चामडं होतं. सकाळी अकरा वाजता. त्यावर मी काही लिहीत नाही.

तुमची उजवी टाच बाहेरच्या बाजूने जास्त झिजते. तुम्ही एका पायावर भार टाकून उभे राहता, बहुधा फळ्याला टेकून. संध्याकाळी तुमचा गुडघा दुखत असणार.

चौदा जोडांची यादी पाठवा. सोबत फोटो, पण तळाचे. वरून सगळेच बूट सभ्य दिसतात.

संबोधी

•

पलासिया
१४ नोव्हेंबर

संबोधी यांस,
जयभीम.

गुडघा दुखतो. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

यादी: पांढरे स्नीकर तीन (एक साधा, एकाला सोनेरी पट्टा, एकाच्या टाचेत दिवा आहे, तो आता लागत नाही). काळे टोकदार दोन, त्यातला एक तुम्ही पाहिलात. टॅन टोकदार दोन. लोफर दोन, एकाला गोंडे. निळे मखमली एक. मोजडी एक, टोक वर वळलेलं. कोल्हापुरी चप्पल एक. क्रिकेटचे बूट एक. वेल्क्रोची सँडल एक, ती आईने दिलेली.

हसू नका. आमच्या क्लासमध्ये शिक्षकासाठी तीन फूट उंच मंच आहे. पहिल्या रांगेतल्या पोरांचे डोळे बरोबर माझ्या बुटांसमोर येतात. अडीच तास ती पोरं दुसरं काय बघणार? निळे मखमली घातले त्या दिवशी मागून एक जण ओरडला, "सर, आज बारात कहाँ जा रही है?" सगळा वर्ग फुटला. मी पण हसलो. मग संध्याकाळी जाऊन टॅन घेतले. असे चौदा झाले.

तळाचे फोटो जोडले आहेत. काढताना शेजारच्या दिवाकरजींनी पाहिलं आणि विचारलं, "भिया, तबियत ठीक है?"

आई विचारत होती तुम्ही काय करता. सांगितलं, प्रॉडक्शनमध्ये आहेत. ती डिसेंबरच्या मध्यात येणार आहे, तेव्हा तिसरी भेट तिच्यासोबतच होईल.

पंचशील

•

महू
१७ नोव्हेंबर

पंचशीलजी,
जयभीम.

फोटो पाहिले. मी हसले नाही. चौदापैकी दहांचा तळ नुसता चिकटवलेला आहे. शिलाई कुठेच नाही. दोनांवर तर शिलाईचं चित्र छापलेलं आहे. तळ सुटला की असे बूट फेकावेच लागतात, आणि तुमच्यासारखा माणूस पंधरावा जोड घेतो. तुम्ही बूट गोळा केलेले नाहीत. प्रत्येक वेळी कोणीतरी हसलं त्याची पावती गोळा केली आहे.

उभं राहून शिकवणाऱ्या, घरी एक खोली असणाऱ्या आणि वर्षातून चार लग्नांना जाणाऱ्या पुरुषाला चार जोड पुरतात.

एक, गडद तपकिरी, गोल टोकाचा, नाडीचा साधा बूट. वर नक्षी नको. तळ रबराचा आणि शिवलेला, म्हणजे झिजला की बदलता येतो. हा पँटवर, जीन्सवर, वर्गात, बँकेत, प्रवासात चालतो. तुमचे निम्मे दिवस यातच जातील.

दोन, काळा, तसाच साधा. मुलाखत, समारंभ, कोणाचं शेवटचं दर्शन. चमक पॉलिशने येऊ दे, कारखान्यातून आणू नका.

तीन, पांढरा स्नीकर. तुमच्याकडचा साधा ठेवा. सोनेरी पट्टा आणि दिवा जाऊ द्या.

चार, कोल्हापुरी. आहे ती चांगली आहे. तुमच्या घरात शहाण्या माणसाने घेतलेली ती एकच वस्तू दिसते.

क्रिकेटचे बूट क्रिकेटला. ते मी मोजत नाही. वळलेल्या टोकाच्या मोजडीचा विचार लग्न ठरल्यावर करता येईल, सध्या तिला काही कारण नाही. आईंनी दिलेली सँडल आईंना विचारून काढा. बाकीचे नऊ द्या कोणाला तरी, पण ज्याला द्याल त्याचा पाय आधी पाहा.

एक जोड सलग दोन दिवस घालू नका. अस्तर वाळायला एक रात्र पुरत नाही. आत वर्तमानपत्राचा बोळा घाला, आणि वाचून झालेलाच घाला असं काही नाही.

पहिले दोन जोड बाजारात तुमच्या मापाचे मिळणार नाहीत. आमच्या कारखान्यात नमुन्याचे जोड हाताने बनतात. २३ तारखेला, शनिवारी दुपारी तीनला या. माप घेऊ.

आणि "प्रॉडक्शनमध्ये" हे पूर्ण वाक्य नाही. मी आग्र्याहून फुटवेअर टेक्नॉलॉजी शिकले आहे आणि पुरुषांच्या बुटांचे फरमे व चामडं कापायचे नमुने बनवते. फरमा म्हणजे प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा पाय, ज्यावर चामडं ताणून बूट उभा करतात. आईंना असं सांगितलं तर त्यांना कळेल.

संबोधी

•

पलासिया
२४ नोव्हेंबर

संबोधी यांस,
जयभीम.

काल तुमच्याकडून निघाल्यावर मी पलासियापर्यंत चालत आलो. चालताना पहिल्यांदाच लक्ष दिलं की पाय कुठे पडतो.

तुमचे दगडूमामा भारी माणूस आहेत. "बसा भिया, मोजे काढा. शरमाने का क्या है, पायच आहेत, परीक्षा थोडीच आहे." कागदावर माझा पाय ठेवून पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, "डावा मोठा आहे. आमच्या मॅडमनी फोटो बघूनच सांगितलं होतं. मी म्हटलं, असं कसं सांगता, तर म्हणाल्या, मामा, शर्त लावा." मग हळूच विचारलं, "लग्नाचं पक्कं आहे का? मॅडम विचारू देत नाहीत."

तुम्ही फरमे आणायला आत गेलात आणि परत आलात ते सरळ आकडे लिहीत. माझ्याशी सहा वाक्यं बोललात, मी मोजली. त्यातली चार दगडूमामांसाठी होती. तरी बरं वाटलं. अनवाणी बसलो होतो आणि अवघडल्यासारखं वाटलं नाही.

नऊ जोड काढले. निळे मखमली दिवाकरजींच्या मुलाला हवे होते. त्याचा पाय पाहिला, अरुंद आहे, चालतील.

पंचशील

•

महू
२६ नोव्हेंबर

पंचशीलजी,

दगडूमामा बहिरे नाहीत. तीस वर्षं ठोकाठोकीच्या आवाजात काम करूनही नाहीत.

मी आत गेले होते तेव्हा तुमच्या आईंचा फोन आला. तुमचा उजवा पाय कागदावर होता. तुम्ही म्हणालात, "क्लासमध्ये आहे गं, पोरं समोर बसली आहेत, नंतर करतो." समोर दगडूमामा बसले होते. त्यांचं वय एकसष्ट आहे.

ते मला काल म्हणाले, "मॅडम, मुलगा सीधा आहे, पण आपली जागा सांगत नाही." मी म्हटलं, गडबडीत बोलले असतील. ते म्हणाले, "गडबडीत माणूस खरं बोलतो. खोटं बोलायला तयारी लागते."

बारा दिवसांपूर्वी तुम्ही मला "प्रॉडक्शनमध्ये" करून टाकलंत, तेव्हा आळस समजून मी सोडून दिलं. आता विचारते. मी कुठे आणि काय काम करते, याबद्दल तुम्ही आईंना नेमकं काय सांगितलं आहे? एका वाक्यात लिहा. विनोद नको.

संबोधी

•

पलासिया
२९ नोव्हेंबर

संबोधी यांस,

एक वाक्य: तुम्ही पीथमपूरला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहात असं आईला वाटतं.

सीटना चामडं असतं, म्हणजे अर्धं तरी खरं, अशी मी माझी समजूत घातली होती. तुमचा बायोडेटा माझ्याकडे आला आणि आईला मी तो तोंडी सांगितला. तिथेच बदलला.

आता कारण. माझे आजोबा गावात मेलेली ढोरं ओढायचे. हौसेने नाही, ते त्यांच्यावर लादलेलं होतं. एके वर्षी आमच्या वस्तीने ठरवलं, आता नाही. गावाने किराणा बंद केला, दळण बंद केलं. आजोबा दोन वर्षं अकरा मैलांवरून मीठ आणायचे. आई लग्न होऊन आली तेव्हा आजोबा म्हातारे होते, पण तिने हे त्यांच्या तोंडून ऐकलं आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, निवृत्त झाली. दरवर्षी ६ डिसेंबरला आम्हा भावंडांना बसवून हे सांगते आणि शेवटी म्हणते, "या घरात चामडं पुन्हा येणार नाही." पायात चालतं तिला. हातात नाही.

तिला मी कसं सांगू की सून बुटांच्या कारखान्यात आहे? तुम्ही आमच्याच समाजातल्या, तुम्हाला समजावावं लागू नये. मी सोडा म्हणत नाही. फक्त लग्न होईपर्यंत विषय नको. नंतर तुम्हाला शिकवायची नोकरीही मिळेल, तुम्ही इतकं स्पष्ट सांगता. माझा क्लासही नवीन विषय सुरू करतो आहे.

पंचशील

•

महू
१ डिसेंबर

पंचशीलजी,

तुमचे आजोबा अकरा मैलांवरून मीठ आणत होते. त्यांच्या नातवाला चार किलोमीटरवरच्या पोलोग्राउंडचं नाव फोनवर घेता येत नाही. ते नाव घेतल्याने तुमचा किराणा कोणी बंद करणार नव्हतं.

मला समजावावं लागू नये म्हणता. समजावू नका, ऐका. हा वाद आमच्या घरी झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आग्र्याला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं आणि बाबांनी माझ्याशी बोलणं सोडलं. चार महिने. आजोबा महूला सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचा शब्द घरात शेवटचा. सगळ्यांना वाटलं ते मला रोखतील. त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि तीन प्रश्न विचारले.

"हे काम करायला तुला कोणी सांगितलं?"
"कोणी नाही."
"पगार ठरवायला तू बसणार, की ते देतील तो घेणार?"
"मी बसणार."
"उद्या नको वाटलं तर सोडता येईल?"
"येईल."
"मग ती नोकरी आहे," ते म्हणाले आणि बाबांना हाक मारली, "तिकीट काढ."

तुमच्या आजोबांनी चामडं सोडलं नाही. त्यांनी सक्ती सोडली. हा फरक तुमच्या आईंना कोणी सांगितला नसेल तर ती त्यांची चूक नाही. तुम्हाला दिसत असूनही तुम्ही सांगितला नाहीत. मला त्यांच्या दुःखाबद्दल आदर आहे. तुम्ही त्या दुःखाच्या मागे लपता, त्याबद्दल नाही.

आणि मला शिकवायची नोकरी मिळेल, हे कोणी विचारलं होतं?

अट एकच. आई येण्यापूर्वी त्यांना पूर्ण वाक्य सांगा. १७ तारखेच्या पत्रात ते तयार आहे, नक्कल करा. त्यांनी नाही म्हटलं तर ते त्यांचं उत्तर, मी ऐकेन. पण मी पीथमपूरच्या बाई म्हणून कोणाच्या घरी चहा पिणार नाही. लग्न तर फारच पुढची गोष्ट.

तपकिरी जोड ७ तारखेला तयार होईल. दगडूमामांकडून घ्या.

संबोधी

•

पलासिया
१० डिसेंबर

संबोधी यांस,
जयभीम.

बूट मिळाले. काल सहा तास उभा होतो. गुडघा गप्प. पहिल्या रांगेतल्या एकाने विचारलं, "सर, ये किधर से लिए? सॉलिड हैं." मी म्हटलं, बनवून घेतले. कुठून ते सांगायच्या आत तास संपला.

आईशी बोललो. ६ तारखेचे दिवस होते, ती थकली होती, बीपीही वर होता, त्यामुळे सविस्तर नाही, पण बोललो. आता ती बऱ्यापैकी तयार आहे. तुम्ही रविवारी, १५ तारखेला, चार वाजता माझ्या घरी या. विषय निघालाच तर मी सांभाळीन. तुम्ही फक्त या.

पंचशील

•

महू
१६ डिसेंबर

पंचशीलजी,

काल काय झालं ते लिहून ठेवते, कारण तुम्ही ते वेगळं सांगाल.

तुमच्या आईंनी दार उघडलं. "ये बाळा," म्हणाल्या. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी विचारलं, "पीथमपूरला रोज जाणं-येणं जड जात असेल ना?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही शेवेची बशी माझ्यापुढे सरकवलीत.

तुमचं "बोललो" म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

मी सांगितलं, "मी पीथमपूरला जात नाही. पोलोग्राउंडला पुरुषांचे बूट बनवते. दाराशी तपकिरी जोड आहे, तो मीच आखला."

त्या उठल्या. दाराशी गेल्या, उजवा बूट उचलला, उलटा करून तळ पाहिला, शिलाईवरून बोट फिरवलं आणि तो परत जागेवर ठेवला. मग मोरीत जाऊन हात धुतले. साबण लावून, दोनदा. परत येऊन म्हणाल्या, "हे मला चालायचं नाही. तुझ्या तोंडावर सांगते."

मी म्हटलं, "ठीक आहे."

तेव्हा तुम्ही हसलात. म्हणालात, "अगं आई, सांगितलं होतं ना तुला? ती जानेवारीत सोडतेच आहे नोकरी."

म्हणजे तुमच्याकडे पीथमपूर फसलं तर वापरायला दुसरं खोटं तयार होतं. पहिलं माझ्या पत्त्याबद्दल होतं. दुसरं माझ्या आयुष्याबद्दल आहे. तुम्ही ते मला न विचारता, माझ्यासमोर, शेव खात वापरलंत.

तुमच्या आईंनी माझ्यासमोर हात धुतले, तरी मला त्यांचा राग आला नाही. त्यांना जे वाटलं ते त्यांनी केलं. तुम्हाला काय वाटतं हे पाच आठवडे पत्रं लिहूनही मला कळलेलं नाही, आणि आता ते कळून घ्यायची गरज राहिलेली नाही.

संबोधी

•

पलासिया
१७ डिसेंबर

संबोधी,

आईसमोर उघडं पाडलंत, समाधान झालं असेल.

मी दोन माणसांना सांभाळत होतो. तुम्ही कोणालाच सांभाळत नाही. तुम्ही माप घेता. पहिल्या दिवसापासून तेच चाललं आहे. घडी कुठे, टाच कुठे, वाक्य पूर्ण की अपूर्ण. मी तुमचं सगळं ऐकलं, नऊ जोड काढले, वर्तमानपत्राचे बोळे घातले. तुम्ही एकदा तरी विचारलंत का की मी काय शिकवतो? मला ते आवडतं का? पाच आठवड्यांत एकदाही नाही. मी फक्त पायांपुरताच होतो.

मोच्याकडे जावं तसा तुमच्याकडे आलो, ही माझी चूक. काळा जोड नको. कोणाला द्यायचा त्याला द्या.

पंचशील

•

महू
१८ डिसेंबर

काळा जोड कोणालाच होणार नाही. तुमचा डावा पाय मोठा आहे. नमुना म्हणून कपाटात राहील.

तुम्ही काय शिकवता हे मी विचारलं नाही. ते खरं आहे.

"मोच्याकडे जावं तसा" हा शब्द ज्या घरात शिकलात असं तुम्हाला वाटतं, त्या घरात तो कोणी शिकवलेला नाही. तो तुम्ही बाहेरून आणला आहे. पंधरावा जोड.

संबोधी

•

अमरावती
२४ डिसेंबर

चि. संबोधी हिस,
अनेक आशीर्वाद. जयभीम.

तुझा पत्ता माझ्याकडे नव्हता. बुटाच्या आत कारखान्याचं नाव छापलं आहे, त्यावरून हे पत्र पाठवते आहे. हाताने लिहिते, मला ते मेलचं जमत नाही.

मी हात धुतले ते तू पाहिलंस. मी ते लपवलं नाही आणि आता माफीही मागत नाही. माझ्या सासऱ्यांनी मला सांगितलं होतं की काम सोडल्यावर पुढे कितीतरी वर्षं ते जेवायच्या आधी हात हुंगायचे. वास नसायचा, तरी हुंगायचे. मी त्यांना ताट वाढायचे, तेव्हाही हुंगायचे. ते पाहून मला जी सवय लागली ती लागली. त्याला मी काय करू?

पंचशील घरी आला आहे. त्याला विचारलं, खोटं का बोललास? म्हणाला, तुझ्यासाठी. मी म्हटलं, मी मागितलं होतं का? छत्तीस वर्षं मी वर्गात पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं. माझ्या घरात हे कुठून आलं? माझ्या भीतीमुळेच आलं असेल तर तो माझा दोष. तो मी मान्य करते. त्याने तुला शेवटी काय लिहिलं तेही मी त्याच्याकडून काढून घेतलं आणि वाचलं. तीन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

आता तुला स्पष्ट लिहिते. तुझं काम मला आवडलेलं नाही. आवडेल असंही वचन देत नाही. पण तो काही वाईट मुलगा नाही, नुसता भित्रा आहे, आणि तू त्याच्यासमोर असलीस की कमी भितो, असं मला त्या एका तासात वाटलं. तू होय म्हणालीस तर मी नाही म्हणणार नाही. कोणी विचारलं तर सून बूट बनवते असंच सांगेन. तोंड वाकडं होईल माझं, पण सांगेन.

नाही म्हणालीस तरी राग नाही.

एक विचारायचं त्या दिवशी राहिलं. बूट हातात घेतला तेव्हा विचारणार होते, मग धीर झाला नाही. तुझ्या हातांना वास येतो का गं?

तुझी,
इंदिरा

•

महू
२ जानेवारी २०२५

ती. इंदिराबाईंस,
सविनय जयभीम.

आपलं पत्र सोमवारी कारखान्यात मिळालं. दगडूमामांनी पाकिटावरचं अक्षर पाहून आधी हात पुसले आणि मग ते मला दिलं.

लग्नाला माझा नकार आहे. त्याचं कारण तुम्ही नाही, तुमची सवयही नाही. तुम्ही तोंड वाकडं करून सांगाल, हे तुम्ही आधी कळवलंत. तेवढ्यावर मी एखाद्या घरात राहू शकले असते. पण त्या घरात रोज जो माणूस माझ्यासोबत असेल, तो माझ्यासमोर कमी भितो म्हणून मी तिथे जायचं, हे मला काम वाटतं, आणि हे काम मी निवडलेलं नाही.

त्यांनी लिहिलं की मी त्यांना कधी काही विचारलं नाही. ते बरोबर आहे. त्यांना सांगा, तेवढं एक पत्र त्यांनी न घाबरता लिहिलं. त्यातला शेवट सोडून.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. हो, येतो. चामड्याचा थोडा, चिकटवायच्या सोल्यूशनचा जास्त. साबणाने पुरता जात नाही, खोबरेल तेल चोळून मग धुतलं तर कमी होतो. आमच्या घरी जेवताना तो कोणी हुंगत नाही, मीही नाही. शनिवारी संध्याकाळी मी हात नीट धुते, रविवारी दुपारपर्यंत तो गेलेला असतो. सोमवारी सकाळी मी तो परत घ्यायला जाते. मला कोणी पाठवत नाही.

आपली,
संबोधी